दसऱ्याला साचे फिरले तेव्हा

तलासरीकडच्या त्या सूतगिरणीचा संप बायकांनी मोडला, असं आमच्याकडे अजूनही सांगतात. लग्नाच्या मांडवात, चारोटीच्या नाक्यावर गाडीची वाट बघताना, कुठेही. सांगणारा बहुतेक वेळा पुरुष असतो आणि निम्म्या वेळा तो त्या संपात नसतोच. "देवधर्म आडवा आला बायकांना," असं म्हणतो आणि वर हसतो. मी समोर असले तर शेजारचा त्याला कोपराने ढोसतो आणि विषय बदलतो. मी त्या गिरणीत होते, संपात होते आणि दसऱ्याच्या त्या दिवशी आतही होते. माझं डोकं लवकर तापतं हे सगळ्यांना ठाऊक आहे, तेव्हा आधीच सांगते, हे मी शांतपणे लिहिणार नाही.

आम्ही रानशेतचे. भाताचं एक पीक निघालं की शेत पडून राहायचं आणि माणसं कामामागे हिंडायची. कधी वीटभट्टी, कधी रेती, कधी वाणगावकडच्या वाड्यांत मिरचीची तोडणी. पालघर जिल्हा वेगळा झाला त्याच सुमारास ही गिरणी सुरू झाली. कारखाना कसलाही असो, आमच्याकडे त्याला कंपनीच म्हणतात. "कंपनीत लागला" म्हटलं की पाड्यात माणसाचा भाव वाढतो. दादा आधी लागला, कापसाच्या गाठी फोडायच्या खात्यात. मग वहिनी लागली. बारावीची परीक्षा दिल्यावर मीही गेले, कारण निकाल लागेपर्यंत घरी बसून काय करणार. निकाल लागला, चांगला लागला, आणि मी तिथेच राहिले.

कंपनीच्या मागच्या अंगाला खोल्यांच्या लायनी होत्या. वर पत्रा, मागे एक खिडकी, आणि ती खिडकी गिरणीच्या भिंतीकडे उघडायची. कापसाचा भुगा त्या खिडकीतून आत यायचा आणि भातावर बसायचा. ताट झाकून ठेवलं तरी पहिला घास फुंकूनच खावा लागे. नळ कंपनीचा, दिवा कंपनीचा, दुकान कंपनीच्या ठेकेदाराच्या मेहुण्याचं. भोंगा वाजला की चूल पेटायची आणि भोंगा वाजला की विझायची. वहिनीने एक कोंबडी आणली होती, तर सुपरवायझर येऊन म्हणाला की लायनीत जनावर ठेवायला परवानगी नाही. वहिनी म्हणाली, "साहेब, हे जनावर नाय, ही रविवार हाय." तो हसला, पण कोंबडी काढायला लावलीच. आम्ही ती त्याच दिवशी खाल्ली, रविवार नसताना.

रिंग खात्यात, म्हणजे सूत कातायच्या खात्यात, सगळ्या बायका. साच्यांवर देखरेख करणारे जुने जॉबर मुंबईच्या गिरण्यांत काम केलेले, ते यंत्राला साचा म्हणायचे, म्हणून आम्हीही साचा म्हणायचो. लांबच लांब साचा, त्यावर ओळीने फिरणाऱ्या बॉबिनी, आणि प्रत्येक बॉबिनीवर गुंडाळत जाणारा धागा. आमचं काम म्हणजे दोन साच्यांच्या मधल्या गल्लीत येरझारा घालायच्या आणि तुटला धागा दिसला की सांधायचा. बोटाच्या टोकाने एक पीळ, की झालं. सुरुवातीला नजरेने शोधावा लागतो. पुढे पुढे डोळे भलतीकडे असले, तोंडाने गप्पा चालू असल्या, तरी हात बरोबर तुटल्या धाग्यावर जातो. घरी परकराची नाडी लोंबताना दिसली तरी बोटं वळवळायची. यावरून आम्ही एकमेकींची खूप टिंगल करायचो.

आणि त्या खात्याच्या दाराला बाहेरून कुलूप असायचं.

पाळी सुरू झाली की वॉचमन यायचा, लोखंडी दार ओढायचा, कुलूप घालायचा आणि किल्ली घेऊन गेटवर जाऊन बसायचा. दार उघडणार जेवणाच्या सुट्टीत आणि पाळी संपल्यावर. मोबाईल आधीच गेटवर जमा. का, तर म्हणे सूत चोरीला जातं. आणि म्हणे बायका सारख्या बाहेर जाऊन गप्पा मारत बसतात. पुरुषांच्या एकाही खात्याला कुलूप नव्हतं. ते बिडी ओढायला जायचे, तंबाखू मळायला जायचे, क्रिकेटचा स्कोअर विचारायला जायचे, आणि चोर आम्ही. धाग्याला ओलावा लागतो म्हणून आमच्या खिडक्या कायमच्या बंद केलेल्या, वरून पाण्याचा फवारा, सगळीकडे कापूस. एक ठिणगी पडली असती तर आमची राखही निवडता आली नसती. आत एक बेलचं बटण होतं. ते दाबलं की गेटवर घंटी वाजायची, असं आम्हाला सांगितलं होतं.

वहिनीला पाचवा महिना होता. आधीचं एक टिकलं नव्हतं, म्हणून ती फार जपून होती. जिना टाळायची, वजन उचलायची नाही, पपई बघायचीसुद्धा नाही. त्या दिवशी दुपारच्या पाळीत ती गल्लीत चालता चालता एकदम साच्याला धरून उभी राहिली. मला वाटलं चक्कर आली असेल. तिने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "बाय, दार उघडाय सांग."

मी बेल दाबली. दाबून धरली. बाकीच्या बायका दारावर थापा मारू लागल्या, मग बॉबिनींनी दार बडवू लागल्या. वॉचमन टपरीवर चहाला गेला होता, खिशात किल्ली घेऊन. साच्यांचा आवाज एवढा की आमचा आवाज आम्हालाच ऐकू येत नव्हता. कोणीतरी सगळे साचे बंद केले तेव्हा कुठे तो आवाज थांबला म्हणून सुपरवायझर बघायला आला. बायका ओरडत होत्या तोवर नाही आला. साचे थांबले म्हणून आला. तोही किल्ली शोधत फिरला. दार उघडलं तेव्हा सगळं होऊन गेलं होतं. वहिनी टाकाऊ कापसाच्या गोण्यांवर आडवी होती आणि आम्ही तिच्याभोवती आमच्या ओढण्या धरून उभ्या होतो.

मॅनेजर दुसऱ्या दिवशी लायनीत आला. सफरचंदं घेऊन आला. गुजरातीमिश्रित मराठीत म्हणाला, "बेन, आराम करा. देवाची मर्जी." देवाच्या हातात किल्ली नव्हती, हे मी त्याला तोंडावर सांगितलं. दादाने मला आत ढकललं. सफरचंदं मी उकिरड्यावर फेकली. वहिनी आतून म्हणाली, "फेकू नको, लायनीतल्या पोरांना दे," तोवर उशीर झाला होता.

त्याच दुपारी पाळीवर गेलो तर वॉचमन कुलूप घेऊन उभा. नेहमीसारखाच. काल इथे काय झालं हे जणू त्याच्या कानावरच आलं नव्हतं. मी दारातच बसले. माझ्यामागे एक बसली, मग सगळ्या बसल्या. आधी काही ठरलं नव्हतं. संध्याकाळपर्यंत पुरुषही काम टाकून गेटबाहेर आले.

संप असा सुरू झाला. युनियनचा पुढारी आला, झेंडा लावला, गेटसमोर ताडपत्री बांधली. त्याने मागण्यांची लांबलचक यादी म्हणून दाखवायला सुरुवात केली तेव्हा वहिनी उठून उभी राहिली. अजून तिला धड उभं राहवत नव्हतं. म्हणाली, "दुसरं काय नको. दाराचं कुलूप काढा. ते निघालं की आम्ही आत." पुढारी म्हणाला, एवढ्याशा मागणीवर संप होत नाही. वहिनी म्हणाली, "मग तो आम्ही करतो, तुमी बसा." बायका हसल्या, पुरुषही हसले, आणि मागणी एकच राहिली. दाराचं कुलूप.

कंपनीने लायनीचं पाणी तोडलं. आम्ही शेजारच्या पाड्यातल्या विहिरीवरून आणलं. पाड्यातल्या लोकांनी तांदूळ दिले. डहाणूहून डोक्यावर पाटी घेऊन येणारी एक मासेवाली होती, तिने येता-जाता सुके बोंबील टाकून जायला सुरुवात केली. "माझा नवरा बोटीवर जातो तवा मी पन दाराकडं बघत बसते," म्हणायची. ते दिवस वाईट होते असं मला म्हणता येत नाही. पोट अर्धं असायचं, पण भाताला कापूस लागत नव्हता. पुरुष बायकांशी नीट बोलत होते. दादा वहिनीसाठी गरम पाणी करून द्यायचा, जे त्याने लग्न झाल्यापासून कधी केलं नव्हतं.

तेवढ्यात दसरा आला. नोटाबंदीच्या आधीचा दसरा.

दसऱ्याला साच्याची पूजा होतेच. गिरणी असो, गॅरेज असो, रिक्षा असो, ज्याच्यावर पोट आहे त्याला त्या दिवशी हळदकुंकू आणि हार. आमच्याकडे शेतातली भाताची नवी लोंबी झेंडूबरोबर बांधतात. नारळ फोडतात. आणि पूजा झाली की यंत्र जरासं फिरवायचं. न फिरवता ठेवलं तर ते वर्षभर रुसतं. ट्रॅक्टर असला तर दोन हात पुढे घेतात, शिलाई मशीन असलं तर चार टाके घालतात. साचा असला तर बटण दाबायचं, धागा निघताना बघायचा, नमस्कार करायचा, बंद करायचा. पूजा झाली असं तेव्हाच म्हणतात.

आदल्या दिवशी मॅनेजरचा निरोप आला. संप आपल्या जागी, देवाचं काम आपल्या जागी. बायकांनी यावं, आपापल्या साच्यांची पूजा करून जावं. फक्त बायकांनी, गर्दी नको.

माझ्या मनात लगेच पाल चुकचुकली. मी म्हणाले, कोणी जायचं नाही. हा माणूस वॉचमनकरवी बायकांना आमंत्रण धाडतोय, आणि तुम्ही हार गुंफायला बसलात? ताडपत्रीखाली वाद झाला. वहिनीच माझ्याविरुद्ध बोलली. ज्या खात्यात तिचं पोर गेलं त्या खात्यातल्या साच्याला हार घालायला ती निघाली होती, आणि मला ते सहन होत नव्हतं.

"भांडण साहेबाशी हाय," ती म्हणाली. "साच्याशी नाय. साच्यानं काय केलं?"

"आणि त्याने कुलूप घातलं तर?"

"एवढी मानसं गेटवर बसलीत, बाय. घालून जाईल कुठं?"

पुढाऱ्याने परवानगी दिली. पुरुषांनीही दिली. नुसती दिली नाही, "आमच्या मशिनींनापण कुंकू लावा" म्हणून नारळ आणून दिले. दादा आदल्या संध्याकाळी रानशेतला जाऊन आमच्या शेतातल्या लोंब्या घेऊन आला. हे मी मुद्दाम सांगते आहे. आम्हाला आत कोणी पाठवलं, हे आता कोणाला आठवत नाही.

सकाळी आम्ही नव्या साड्या नेसून आत गेलो. मीही गेले. वहिनीला एकटीला त्या खात्यात जाऊ द्यायला माझं मन धजावलं नाही. मोबाईल नेहमीप्रमाणे गेटवर ठेवले, तेही कोणी न सांगता. सवय. सगळे साचे आम्ही पुसून घेतले, लोंब्या बांधल्या, हार घातले. वहिनी आपल्या साच्यासमोर बराच वेळ हात जोडून उभी होती. मग तिने बटण दाबलं. इतर साच्यांवरही बटणं दाबली गेली आणि खातं घुमू लागलं. धागे निघाले. बायकांच्या तोंडावर आनंद होता, खोटं कशाला बोलू. इतक्या दिवसांनी आपलं काम हाताखाली बघून मलाही बरं वाटलं.

मग वहिनीने साचा बंद केला. सुपरवायझरने तो पुन्हा चालू केला.

आम्हाला आधी कळलंच नाही. संपात न उतरलेले दोघं-तिघं जॉबर आणि ऑफिसातली माणसं पूजेला म्हणून आत आली होती. आम्ही एक साचा बंद केला की ते दुसरा चालू करत. मी दाराकडे धावले. दार लावलेलं. ढकललं, हललं नाही. बाहेरून कुलूप. मी बडवलं, ओरडले, शिव्या दिल्या. सुपरवायझर माझ्याकडे न बघता म्हणाला, "आता आलाच आहात तर पाळी करून जा." जणू पाहुण्यांना जेवून जा म्हणतोय.

पुढे जे झालं त्याचा मला सगळ्यात जास्त राग आहे आणि तो कोणावर काढावा हे मला कळत नाही. साचे फिरत होते. धागे तुटत होते. तुटलेला धागा तसाच सोडला की तो साच्याच्या फिरत्या रुळाला गुंडाळतो, गुंता होतो, शेजारचे धागे ओढून तोडतो. ते उभं राहून बघणं आम्हा बायकांना जमत नाही. आधी एकीचा हात गेला. ती स्वतःच दचकली आणि हात मागे घेतला. मग वहिनीचा गेला. मी किंचाळले, "वहिनी, हात लावू नको!" तिने माझ्याकडे बघितलं, आणि माझ्याकडे बघता बघता तिच्या बोटांनी धागा सांधला. पुढचाही सांधला. नव्या साडीत, कपाळभर कुंकू, रडत होती आणि सांधत होती. मी तिचा हात धरून खाली ओढला, तर माझ्या पाठीमागे दुसरी सांधत होती. कंपनीने छताला लावलेला कॅमेरा हे सगळं बघत होता.

बाहेर काय झालं ते नंतर कळलं. साच्यांचा आवाज गेटवर पोचला तेव्हा पुरुषांनी टाळ्या वाजवल्या, पूजा झाली म्हणून. आवाज थांबेना तेव्हा ते एकमेकांकडे बघू लागले. मग मॅनेजर गेटवर आला आणि म्हणाला, "ऐका. तुमच्या बायका कामाला लागल्या. तुम्ही कशासाठी बसलात?" ऑफिसात नेऊन पुढाऱ्याला पडद्यावर दाखवलं. साड्या, हार, सांधणारे हात. कॅमेऱ्यात आवाज येत नाही. माझं किंचाळणं त्यात नव्हतं. आज जे परततील त्यांची नोकरी राहील, बाकीच्यांनी खोल्या रिकाम्या कराव्यात, असं मॅनेजर म्हणाला. दुपार टळायच्या आत पुढाऱ्याने सही केली. कुलूप राहणार, सगळे उद्यापासून कामावर. आम्हाला विचारायला कोणी आत आलं नाही.

पाळी संपली तेव्हा दार उघडलं. आम्ही बाहेर आलो तेव्हा ताडपत्री उतरवून झाली होती आणि पुरुष गेटवर रांगेने उभे होते. एकजण आमच्या वाटेत थुंकला. आपट्याची पानं कोणाकोणाच्या हातात होती, ती कोणी कोणाला दिली नाहीत.

दादा वहिनीला म्हणाला, "मुहूर्त लई लांबला तुमचा."

वहिनीने डोक्यावरचा पदर नीट केला.

"दार बंद व्हतं," ती म्हणाली.

"साचे चालू व्हते. आमी ऐकले. तोंडाला काळं फासलंत आमच्या."

मी मध्ये बोलायला गेले तर वहिनीने मला हाताने थांबवलं. तिथून, गेटवरून, आमच्या खात्याचं दार सरळ दिसतं. मधे काही नाही, नुसतं अंगण. तिने त्या दाराकडे बोट केलं.

"तुमी दिवसभर इथंच व्हते ना?"

"इथंच."

"दार दिसत व्हतं?"

"दिसत व्हतं."

"आनि कुलूप?"

दादा दाराकडे बघत राहिला. बाकीचे पुरुषही बघू लागले. त्या कुलपासाठी ते उपाशी बसले होते, घोषणा देऊन घसे फोडले होते, पुढाऱ्याच्या यादीतलं बाकी सगळं त्यांनी बाजूला ठेवलं होतं.

"दिसलं," दादा म्हणाला.

"मग?"

त्याने खांदे उडवले.

"ते तर रोजच असतं," तो म्हणाला.

वहिनी सरळ खोलीकडे चालू लागली. मी बोलले, आणि जे बोलले ते मला इथे लिहिता येणार नाही.